ऐकू न येणारी बाग

मित्रांनो, मला डोळे नाहीत, हातपाय नाहीत. आहे तो फक्त एक कान, आणि तोही जरा विचित्र. तुमचे बोलणे मला पुसट ऐकू येते, आणि तुम्हाला जे दिसते ते मी त्यावरूनच जाणतो. पण जे तुम्हाला मुळीच ऐकू येत नाही, ते मला लख्ख ऐकू येते. वटवाघळांची हाक इतकी बारीक असते की माणसाच्या कानाला ती कळतच नाही. ती पकडायची आणि माणसाला ऐकू येईल अशी करून सांगायची, एवढेच माझे काम. मला बॅट डिटेक्टर म्हणतात. तळहाताएवढी करडी पेटी, समोर किती बारीक आवाज ऐकायचा ते ठरवणारी आकड्यांची चकती आणि खाली बारीक भोकांचा स्पीकर. आता मी जुना झालो आहे. बोटे फिरून फिरून चकतीवरचे आकडेही झिजले आहेत.

एका छोट्या वर्कशॉपमध्ये एका बाईंनी मला जोडले. काम संपल्यावर त्यांनी माझ्यासमोर किल्ल्यांचा जुडगा हलवला. किल्ल्यांच्या खळखळाटातही एक फार बारीक आवाज लपलेला असतो. मी तो चर्रर्र करून सांगितला. "ऐकतोय हं हा!" त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक.

मला मिस थर्लबी यांनी विकत घेतले. त्या निवृत्त शिक्षिका. नॉटिंगहॅमच्या बाहेर, शेतांमधल्या एका खेड्यात त्यांचे विटांचे घर होते. मागे लांबलचक बाग, सफरचंदाची झाडे आणि बागेच्या टोकाला ओढा. घराच्या मागच्या भिंतीवर, जिथे कौले सुरू होतात तिथे, बोटभर रुंदीची एक फट होती. उन्हाळ्यात त्या फटीत पाकोळ्या राहायला येत. पाकोळी म्हणजे अंगठ्याएवढे वटवाघूळ. उन्हाळ्यात तिथे सगळ्या माद्याच असत, पिल्लांना जन्म द्यायला आलेल्या. दिवस मावळला की मिस थर्लबी मला घेऊन बाहेर येत आणि वर बघून म्हणत, "गुड ईव्हनिंग, लेडीज."

मित्रांनो, तेव्हाची ती बाग तुम्ही पाहिली असती तर म्हणाला असता, किती शांत! पान हलत नसे. पण मला चालू केले की त्या शांततेतून कोणीतरी धावत येई. टप, टप, टपक, टपक. ओल्या फरशीवर अनवाणी पावले पडावीत तसा आवाज. तो जवळ येई, डोक्यावरून जाई, वळून पुन्हा येई. पावलांचा वेग वाढत वाढत जाई आणि एकदम झर्रर्र! मग क्षणभर काहीच नाही. त्या क्षणात एक चिलट संपलेले असे. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास मागे वळून बघे. मिस थर्लबी मात्र हसत.

अशी बरीच वर्षे गेली. एका सप्टेंबरमध्ये त्या सफरचंदाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या. मी त्यांच्या मांडीवर चालू होतो. थोड्या वेळाने माझ्यावरचा त्यांचा हात सैल झाला आणि बाजूला घसरला. पाकोळ्या येत होत्या, जात होत्या. मी सांगत राहिलो. ऐकायला आता कोणी नव्हते. बॅटरी उतरत गेली तसा माझा आवाज घोगरा झाला, आणि मग मीही थांबलो. सकाळी शेजारणीने आम्हा दोघांना तिथे पाहिले.

त्यानंतर जिन्याखालचे कपाट आणि अंधार. मला आवाज ऐकू येईनात, कारण माझ्यात जीवच नव्हता. या काळाबद्दल मी काय सांगू?

मला पुन्हा जाग आली ती एका मुलीच्या हातात. ती उर्वी, दहा वर्षांची. तिच्या आईबाबांनी हे घर घेतले होते. आई आसावरी पुण्याची, नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये नवजात बाळांची डॉक्टर. बाबा अपूर्व घरून सॉफ्टवेअरचे काम करत. उर्वीने नवी बॅटरी घातली आणि संध्याकाळी मला बागेत नेले. बाबा तिच्या मागोमाग आले.

"हे खराब आहे बहुतेक," ते म्हणाले. "काहीच वाजत नाहीये."

उर्वीने चकती फिरवली. पंचेचाळीसवर आल्याबरोबर मी बोलू लागलो. टपक, टपक, टपक.

बाबा दचकून मागे सरले. "कोण आहे?"

कोणी नव्हते. रिकामी हिरवळ आणि वर फिकट आभाळ. पण आवाज त्यांच्या अगदी कपाळावरून गेला.

"बाबा," उर्वी हळूच म्हणाली, "हे सगळे रोज इथेच असतात? आणि आपल्याला कळतच नाही?"

त्या दिवसापासून बाबांना घरात चैन पडेना. छतातली खुडबुड आता त्यांना मीटिंग चालू असतानाही जाणवू लागली. आसावरीला शेजारणीने मिस थर्लबींची हकिकत सांगितली होती. हॉस्पिटलमध्ये मृत्यू पाहिलेली ती बाई, पण सफरचंदाखालची खुर्ची तिने उचलून शेडमध्ये ठेवून दिली. त्यातच पुण्याहून तिच्या आईचा फोन आला. "घरात पाकोळ्या? अगं, चांगलं नसतं ते. आधी बाहेर काढा त्यांना."

जून महिन्यात बाबांनी शिडी आणि फोमचा डबा आणला. फट बुजवली की प्रश्न मिटला, असा त्यांचा हिशेब. आसावरी म्हणाली, "अपूर्व, एकदा कोणाला तरी विचार. इथे या गोष्टींचे नियम असतात." बाबांनी कुरकुरत वटवाघळांच्या हेल्पलाइनला फोन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक स्वयंसेविका आली. पाटीवरचे आडनाव वाचून ती दारातच थबकली आणि मराठीत म्हणाली, "नमस्कार! मी शाल्मली. कार्डिफची आहे, पण नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत शिकते." ती तिकडेच जन्मलेली. तिचे मराठी वाकडेतिकडे, पण बोलायची हौस भारी.

शिडी पाहून तिचा चेहरा उतरला.

"काका, प्लीज नका करू. आत बेबीज आहे. आई बाहेर गेला आणि तुम्ही फोम मारला, तर तो परत कसा येणार? बेबीज आत मरून जाईल."

"आई गेला नाही, ताई," उर्वी म्हणाली. "आई गेली."

"हो, गेली. सॉरी." शाल्मली हसली नाही. "आणि काका, लॉ आहे. पाकोळ्या नसेल तेव्हापण फट बंद नाही करायचा. ते दर वर्षी येतात."

"म्हणजे माझ्या घरात मी पाहुणा?" बाबा चिडून म्हणाले.

शाल्मलीने मला वर धरले. पाकोळ्या नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. तरी त्या फटीतून आवाज येतच होता. बारीक, एकमेकांत मिसळलेल्या, टाचण्यांसारख्या हाका. बाबांनी त्या ऐकल्या. त्यांनी फोमचा डबा खाली ठेवला, पण मनातून तो ठेवला नव्हता.

जुलैमधल्या एका संध्याकाळी आसावरी कामावरून परतली तर मागच्या पायरीवर काहीतरी पडले होते. जर्दाळूच्या बीएवढे, उघडे, गुलाबी. तिने उर्वीला हाक मारली. शाल्मलीला फोन झाला. तिने सांगितल्याप्रमाणे आसावरीने हातमोजे घातले, पिल्लू बुटांच्या खोक्यात मऊ कापडावर ठेवले, आणि बाबांनी ते फटीजवळ, शिडीच्या वरच्या पायरीवर टेकवले. मग आम्ही सगळे खाली उभे राहिलो. मी आसावरीच्या हातात होतो.

पिल्लू हाका मारत होते. मी त्या सांगत होतो. आसावरीचा हात माझ्यावर घट्ट आवळला. हा आवाज तिला अनोळखी नव्हता. असली हाक ऐकतच तिचे दिवस जात. बराच वेळ कोणी आले नाही. पाकोळ्यांची पावले वरून जात राहिली. मग त्यांतली एक थांबली. भिंतीवर काहीतरी टेकले. माझ्या स्पीकरमध्ये दोन हाका एकमेकींत शिरल्या, आणि खोके गप्प झाले.

"घेऊन गेली," आसावरी पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा सफरचंदाखाली आली.

शरद ऋतूत पाकोळ्या निघून गेल्या. नोव्हेंबरमध्ये चार वाजताच अंधार पडू लागला. बाग आता खरोखरच मुकी झाली होती. उर्वीला करमेना. शाळेतून आल्यावर तिने मला घरातच चालू केले. मी किल्ल्या ऐकल्या, नळाचे थेंब ऐकले. मग ती मला घेऊन वर आपल्या खोलीत गेली, आणि तिथे मी जे ऐकले ते यापूर्वी कधीच ऐकले नव्हते.

स्स्स्स्स्स्.

तिच्या पलंगाच्या उशाशी, भिंतीच्या आत, कोणीतरी न थांबता श्वास सोडत होते.

"बाबा," ती जिन्यातून ओरडली, "भिंतीत कोणीतरी आहे!"

आईबाबा धावत वर आले. बाबांनी भिंतीला कान लावला. काही नाही. मला बंद केले, खोली शांत. चालू केले, स्स्स्स्. मला दाराशी नेले की आवाज विरे, उशाशी आणले की वाढे.

"पाकोळी असेल राहिलेली," बाबा म्हणाले आणि भिंतीपासून दूर झाले. आसावरी भिंतीकडे बघत होती. "अपूर्व, ही खोली त्या बाईंची होती ना?" तिने विचारले, आणि विचारल्यावर तिलाच ते आवडले नाही. तिने उर्वीला जवळ ओढले.

बाबांनी शाल्मलीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्यासमोर धरला. ती ऐकत राहिली.

"काका, चकती फिरवा. वीसवर. आता ऐंशीवर."

आवाज तोच. सगळ्या आकड्यांवर तोच.

"हे पाकोळी नाही," शाल्मली म्हणाली. "पाकोळीचा एक नंबर असतो. आणि ती मध्ये मध्ये थांबते. हे थांबतच नाही. असा आवाज मी एकदाच ऐकला, विजेच्या खांबाखाली, तो खराब होता. काका, मेन स्विच बंद करा. नाऊ. आणि सगळे खाली जा."

बाबा जिना उतरून धावले. घर काळेकुट्ट झाले. त्याच क्षणी मी गप्प झालो. भिंतीतला श्वास थांबला होता.

ती रात्र त्यांनी शेजारणीकडे काढली. सकाळी इलेक्ट्रिशियनने गिलावा फोडला. आत जुन्या वायरींचा सांधा सैल झाला होता आणि त्यातून ठिणग्या उडत होत्या. शेजारची लाकडी पट्टी कोळशासारखी झाली होती. त्याने हात लावला तसा तिचा चुरा खाली पडला, उशीवर.

"इथे कोण झोपतं?" त्याने विचारले.



सगळी वायरिंग बदलायला आठवडे लागले. बाबांनी फोमचा डबा न उघडता दुकानात परत दिला. एप्रिलच्या शेवटी त्यांनी स्वतः उर्वीला हाक मारून मला बाहेर आणायला लावले, आणि बऱ्याच संध्याकाळी आम्ही पाकोळ्यांची वाट बघत आभाळाखाली नुसते उभे राहिलो. मग एकदा मी पुन्हा बोलू लागलो: टपक, टपक.

मित्रांनो, आता माझा स्पीकर खरखरतो. शाल्मलीच्या फोनमध्ये वटवाघळांचे आवाज चित्रासारखे दिसतात. माझे दिवस थोडे उरले. मला त्याचे दुःख नाही. फक्त एक मागणे आहे. घरातली एखादी फट बुजवण्याआधी तिच्यात कोण राहते ते विचारा. आणि कधीतरी तिन्हीसांजेला दिवा न लावता बागेत जाऊन उभे राहा. तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही. तरीही उभे राहा. तुमच्या कपाळावरून कोणीतरी हाका मारत जात असेल, तुमचा एक केसही न हलवता.