बाहेरचं

दिवाळी सरली आणि दौंडच्या एका लहानशा सहकारी संघाच्या कचेरीत माणसांची डोकी उठायला लागली. सकाळी टवटवीत आलेली माणसं दुपारपर्यंत कपाळाला हात लावून बसायची. कुणाला मळमळ, कुणाच्या डोळ्यांपुढं अंधारी. हेडक्लार्क रखमाजी, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, ते तर एकदा खुर्चीवरून उठताना भेलकांडलेच. घरी गेलं की मात्र सगळी ठणठणीत. रविवारी कुणाचं काही दुखत नसे. जी काय बला होती ती कचेरीच्या सुट्ट्या बिनचूक पाळत होती.

दुखत नव्हतं ते एकट्या बन्यामीनचं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

बन्यामीन केडगावच्या मिशनच्या वस्तीतला. रोज पॅसेंजरनं यायचा. दिवाळीनंतरच लागलेला, तोही कच्चा. पक्का करायचं की घरी पाठवायचं, ते नाताळाआधी आप्पांच्या एका शब्दावर ठरणार होतं. घरी बायको कृपाबाई पोटुशी, त्यामुळं तो शब्द त्याच्या उराशी धोंड्यासारखा होता. नवा म्हणून त्याला सगळ्यांत वाईट जागा मिळालेली. शेजारच्या रेल्वे यार्डातल्या इंजिनांची काजळी कागदांवर पडते म्हणून कचेरीच्या खिडक्या घट्ट बंद असत. एकीचं तेवढं झडप मोडकं होतं, आणि त्या झडपाखाली, गार वाऱ्याच्या तोंडाला, बन्यामीन.

तो आला त्याच आठवड्यात दुखणं आलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, पण फांदीला कोण विचारतो? सगळे कावळ्याकडंच बघतात.

चहाची तिथली रीत अशी, की दोघांत एक कप. एकानं कपातून प्यायचा, दुसऱ्यानं बशीतून. पूर्वी सुभान शिपाई चहा पडवीत करायचा. यंदा थंडीनं आप्पांची बोटं आखडायला लागली, तेव्हा त्यांनीच ती कोळशाची शेगडी आत आणवली होती. दिवसभर ती त्यांच्या टेबलाशेजारी, आतल्या कोपऱ्यात, धुमसत असे. एके दिवशी बन्यामीननं नेहमीसारखी बशी भरून शेजारच्या म्हस्कू कारकुनाकडं सरकवली. म्हस्कूनं तिला हात लावला नाही. बशीतल्या चहावर साय धरली, आणि बन्यामीन काय ते समजला.

वाईट वाटलंच त्याला. पण तोही काही संत नव्हता. शिरूरला आप्पांच्या साडूचा पोरगा मॅट्रिक होऊन रिकामा बसलाय, हे त्याच्या कानावर आलं होतं. आप्पांचं कण्हणं, भेलकांडणं, सगळं नाटक, अशी त्यानं मनाशी खूणगाठ बांधली. मला बदनाम करायचं आणि साडूचं पोर आणून बसवायचं. आप्पा डोक्याला फडकं बांधून बसले की तो मनात म्हणे, छान वठतंय.

शेवटी नदीपल्याडचा भगत आणला. त्यानं कचेरीत एक फेरी मारली, नाकानं हवा ओढली आणि मोडक्या झडपापुढं थांबला.

"बाहेरचं हाय," तो म्हणाला. "हितनं आत येतंय."

भुताखेताला बाहेरचं म्हणतात हे लहान पोरालाही ठाऊक. पण त्या दिवशी सगळ्यांच्या माना वळल्या त्या रोज बाहेरगावाहून गाडीनं येणाऱ्या बन्यामीनकडं.

आप्पा खंडोबाचे भक्त, आणि अंगात हिंमतही होती. त्यांनी झडपाला लिंबू-मिरची बांधली आणि खिडकीत मी बसतो, बघू कोण येतंय आत, असं जाहीर केलं. बन्यामीनची रवानगी झाली आप्पांच्या जागी, शेगडीपाशी. तिथं तो सगळ्यांच्या डोळ्यांपुढं राहणार होता.

पहिल्याच दुपारी बन्यामीनच्या कानशिलांत घण बसायला लागले. दुसऱ्या दिवशी अक्षरं नाचू लागली, पाय लटपटले. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं, की आप्पांचं नाटक नव्हतं. म्हातारा खरोखर सोसत होता आणि आपण मनात टाळ्या वाजवत होतो. त्याला स्वतःची लाज वाटली.

आणि आप्पा? खिडकीत आप्पा ठणठणीत. गार वाऱ्यात मफलर गुंडाळून खुशाल अभंग गुणगुणत होते. ते बघून म्हस्कूचे डोळे बारीक झाले. त्यानं सुभानच्या कानात काही सांगितलं, सुभाननं आणखी कुणाच्या. चहा आला. आप्पांनी बशी भरून म्हस्कूकडं सरकवली. म्हस्कू कागदांत मान घालून बसला.

आप्पा त्या बशीकडं बघत राहिले. त्यांचं गुणगुणणं थांबलं. एवढ्या वर्षांत त्यांची बशी कुणी नाकारली नव्हती. बन्यामीनला वाटलं, बरं झालं, भोगा आता. गप्प राहिलं तर आपल्यावरचं बालंट आपोआप त्यांच्या गळ्यात पडणार होतं. पण साय धरणाऱ्या बशीकडं बघत बसणं काय असतं, हे त्या खोलीत एकट्या त्यालाच माहीत होतं.

तो भिंतीला धरून उठला, खिडकीपाशी आला आणि ती बशी त्यानं एका दमात पिऊन टाकली. मोडक्या झडपातनं वारा तोंडावर आला, तसं डोकं जरा निवळलं. त्यानं वळून आपल्या जागेकडं बघितलं. कोपरा, बंद खिडक्या आणि धुमसणारे निखारे.

"आप्पा, बाहेरचं न्हाई हे," तो म्हणाला. "आतलंच हाय. तिथं बसंल त्याला धरतंय आन् हितं बसंल त्याला सोडतंय."

कुणाची वाट न बघता त्यानं फडक्यानं शेगडी उचलली आणि पडवीत नेऊन ठेवली. मग एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. कागद उडाले, काजळी आली, म्हस्कू कुरकुरला. पण त्या दिवशी कुणी डोकं धरून घरी गेलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, त्या आठवड्यातही नाही.

शनिवारी आप्पांनी स्वतःच्या हातानं लिंबू-मिरची सोडली आणि आपली खुर्ची खिडकीतून हलवली.

"नाताळ करून ये," ते बन्यामीनला म्हणाले. "ही जागा तुझी. पक्की."

एवढ्यात सुभाननं पडवीतनं चहा आणला आणि कप बन्यामीनपुढं ठेवला. म्हस्कूसाठी बशी भरावी की नाही, अशा विचारात बन्यामीन घुटमळला.

आप्पांनी बशी आपल्याकडं ओढली.

"वत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बशी माझी."