बेचाळिसावा रोगी

दवाखान्यात लघवी तपासणाऱ्या बाईंनी महिनाभरात एकेचाळीस बायकांच्या बाटल्या मायक्रोस्कोपखाली घातल्या. सगळ्यांत एकाच किड्याची अंडी, एका टोकाला काटा असलेली. बायका कालव्याच्या पाण्यावरच्या खाचरांत निंदणी करणाऱ्या. लघवीतून रक्त जायचं. घरचे पुरुष म्हणायचे, "उष्णता झालीय, दुसरं काही नाही."

कालव्याचे इंजिनिअर साहेब बाईंचे सख्खे धाकटे दीर. बाई त्यांच्या कचेरीत गेल्या.

"भाऊजी, कालव्यात गवत माजलंय, त्यावर गोगलगायी आहेत. लोक काठावर बसतात, लघवीतली अंडी पाण्यात जातात. गोगलगायीत किडे वाढतात आणि पाण्यात उतरणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतात. गवत काढा, गोळ्या मागवा."

"वहिनी, उत्कृष्ट कालवा म्हणून आपल्याला ढाल मिळालीय."

"तुम्हाला मिळाली. किड्यांना कुणी कळवलं नाही."

साहेबांना हे फार झोंबलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बायकांना काठावर जमवलं, कारकुनाच्या हाती कॅमेरा दिला आणि पँट वर दुमडून पाण्यात उतरले. पाणी कंबरेपर्यंत आलं, दुमडणं वाया गेलं. "पाणी इतकं स्वच्छ आहे, की मी इथूनच बोलणार!" साहेबांचं कुठलंही भाषण अर्ध्या तासाच्या आत आटपत नसे. हेही आटपलं नाही. संध्याकाळी पाय खाजले, तेव्हा त्यांनी डासांना शिव्या दिल्या.

तीन महिन्यांनी साहेब दवाखान्याच्या मागच्या दाराने आले. रुमालात बाटली गुंडाळलेली, चेहरा पांढराफटक.

"वहिनी, थोडी... उष्णता झालीय."

बाईंनी काच तयार केली, बघितली आणि खुर्ची सोडून त्यांना बसवलं. "बघा तुम्हीच."

साहेब बराच वेळ वाकून राहिले. बाईंना क्षणभर त्यांची कीव आली.

"हा काटा...?"

"त्यानेच रक्त येतं."

"कागदावर माझं नाव घालू नका."

"नाही घालणार."

बाईंनी शब्द पाळला. मुख्य कचेरीला पाठवायच्या अहवालात नावाचा रकाना नव्हताच, धंद्याचा होता. एकेचाळीस ठिकाणी 'शेतमजूर' लिहिलं होतं. त्याखाली त्यांनी लिहिलं, 'कालवा इंजिनिअर'. शेवटी मागण्या: गोळ्या, गवतकापणी, खाचरांजवळ संडास.

आधीच्या चार अहवालांना तिथून पोचही आली नव्हती. या वेळी तिसऱ्या दिवशी जीप आली. सगळ्यांना पुरतील एवढ्या गोळ्या आल्या. आठवडाभर पाणी बंद ठेवून गवत काढलं गेलं. हुकमावर लिहिलं होतं: 'अधिकाऱ्यांच्या आरोग्यास्तव तातडीचे'. बायकांनी गोळ्या घेतल्या, रक्त थांबलं. साहेबही बरे झाले. त्यांनी वहिनीशी बोलणं मात्र टाकलं, जेवताना मीठसुद्धा बायकोमार्फत मागू लागले.

संडासही बांधला गेला. एकच, कालवा कचेरीच्या मागे. त्याला कुलूप असतं आणि किल्ली कारकुनाकडे. खाचरांतल्या बायका अजून काठावरच जातात.

बाईंनी नव्या बाटल्या मागवल्या आहेत.