पूल बसून राह्यला

आमच्या उंबरदऱ्यात कोणी चांगलं काम केलं, की लोक आधी विचारतात, "यात याचं काय?" मीही तेच विचारते. नगराध्यक्ष झाल्यापासून तर ती सवयच जडली आहे. कोणी जरा जास्त वाकून नमस्कार केला, की माझी नजर थेट त्याच्या खिशाकडे जाते, अर्ज कुठे लपवलाय म्हणून. त्यामुळे मी पूल बंद केल्यावर अख्ख्या गावाने माझ्यावर संशय घेतला, तेव्हा मला राग भरपूर आला, पण नवल वाटलं नाही.

नदीवरचा हा पूल तसा लहानच. अलीकडे गाव, पलीकडे शाळा, दवाखाना आणि बुलढाण्याचा रस्ता. नगरपंचायतीच्या हद्दीतला, त्यामुळे पडला तर आमच्याच डोक्यावर पडणारा. पुलाला लागून किसनरावांचं शेत आहे. माझ्या सासऱ्यांच्या वयाचे, कामाशिवाय कोणाच्या दारात न जाणारे. ते एका दुपारी घरी आले आणि चहाला नाही म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं, काम साधं नाही.

"सुनबाई, पुलाचा कठडा वाकडा दिसून राह्यला. येता का पाहाले?"

मी गेले. मधल्या खांबावर कठडा खरंच झुकला होता, आणि रस्त्याच्या डांबरात अशी भेग पडली होती, की माझा पंजा आडवा आत गेला. मी तिथूनच फोन करून दोन्ही टोकांना मुरमाचे ढीग टाकायला लावले. आमचे मुख्याधिकारी धवल तेव्हा बुलढाण्यात बैठकीला होते. फोनवर म्हणाले, "मॅडम, लेखी आदेश काढावा लागेल." मी म्हटलं, "आदेश नंतर काढा साहेब, मुरूम आधी पडू द्या." बांधकामवाल्यांना कळवलं. पुढच्या आठवड्यात इंजिनिअर पाठवतो, असं ते म्हणाले.

इथपर्यंत मी चूक केली नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. चूक नकाशाने केली. पूल बंद झाला की पलीकडे जायला एकच फेरा उरतो, देऊळघाटाच्या बाजूने. आणि त्या फेऱ्यावर माझ्या दिराचा, इंद्रभानचा, पेट्रोल पंप आहे. पंपाला लागून धाबा आहे. बरं, आहे तर आहे, माणसाने गप्प बसावं की नाही? या शहाण्याने दुसऱ्याच दिवशी चौकात भलामोठा फलक लावला: "पूल बंद! इकडून या! गरम कचोरी तयार." खाली बाण.

"भावजी, तो फलक आधी काढा," मी फोनवर ओरडले.

"वैनी, मी त लोकाइची सोय पाहून राह्यलो," तो म्हणाला. तो खरंच तसं समजत होता. त्याला अक्कल दिली असती देवाने, तर पंप कशाला चालवला असता.

फलक उतरला, पण फोटो अख्ख्या गावाच्या मोबाईलवर जाऊन बसला होता. नगरपंचायतीच्या पायरीवर पंजाबराव सगळ्यांना तो दाखवत होते. हे पंजाबराव आमचे विरोधक. नगराध्यक्षपद महिलांसाठी राखीव झालं तेव्हा माझ्याविरुद्ध त्यांची बायको शालूबाई उभी होती, म्हणजे अर्जावर शालूबाई आणि फ्लेक्सवर पंजाबराव.

"पूल बिमार नाई," पंजाबराव मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "याइच्या पंपाले गिऱ्हाईक पाह्यजे होतं."

लोक हसले. बायाही हसल्या. ज्यांच्या घरी मी बारशाला आणि तेरवीला गेले त्या बाया. त्या दिवशी मी केबिनचं दार लावून रडले, आणि रडून झाल्यावर एकेकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

त्यानंतर गाव रोज तापत गेलं. सोयाबीनच्या गाड्यांना फेरा, शाळेच्या पोरांना फेरा, दवाखान्याला फेरा. जो तो माझ्याकडे पाहून दुसऱ्याच्या कानाला लागायचा. दुधवाला दूध घालताना म्हणाला, "बाकी ताई, इंद्रभानभाऊचं बरं चालू आहे म्हनतात." मी त्याचं दूध बंद करणार होते. पण मग तेही गावाने वेगळ्याच अर्थाने घेतलं असतं.

आणि मला स्वतःला कोणाचा संशय होता? धवल साहेबांचा. पुण्याचा मुलगा, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा, बोलणं लोण्यासारखं मऊ. इतकं मऊ बोलणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं, असं माझं आपलं मत. एकदा बाजारातून येताना मी त्यांना पंजाबरावांबरोबर टपरीवर चहा घेताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, मी तटस्थ आहे."

"नदीच्या कोणत्या तटावर?" मी विचारलं. ते हसले. मला त्या हसण्याचाही संशय आला.

मग एका संध्याकाळी ते केबिनमध्ये आले, चेहरा खुललेला. म्हणाले, "मॅडम, आनंदाची बातमी आहे. मी आज स्वतः पुलावर जाऊन आलो. पंजाबराव सोबत होते. पूल मागे थोडा खचला होता, हे खरं आहे, पण आता तो स्थिर आहे. तुमच्या किसनरावांनीच सांगितलं मला. उद्या सकाळी छोट्या गाड्या सोडून बघू. लोकांचा रोष तरी कमी होईल."

"इंजिनिअर येईपर्यंत थांबा."

"मॅडम, लोक थांबायला तयार नाहीत. आणि प्रशासकीय निर्णय माझा आहे," ते मऊपणेच म्हणाले.

ते गेल्यावर मी खुर्चीत तशीच बसून राहिले. साहेब फिरले, ते मी समजू शकत होते. पण किसनराव? ज्यांनी मला हाताला धरून भेग दाखवली, त्यांनाही पंजाबरावांनी गाठलं? उद्या पूल उघडला आणि टिकला, तर मी जन्मभर गावात खोटारडी, दिराच्या पंपासाठी पूल अडवणारी. आणि उघडला आणि टिकला नाही तर, हा विचार मला पुरता करवला नाही. मला भीती वाटत होती. आणि लाज वाटते सांगायला, पण दोन्हींपैकी कशाची जास्त वाटत होती ते त्या संध्याकाळी मला कळत नव्हतं.

सकाळी उठून मी नगरपंचायतीत गेलेच नाही. तरातरा किसनरावांच्या शेतात गेले. ते गोठ्यापाशी बैलाला पाणी दाखवत होते. मला पाहून त्यांनी मान वळवली. या, बसा, काही नाही. माझा पारा चढला.

"काका, किती दिवसांची ओळख आपली. पूल चांगला आहे असं साहेबाले काऊन सांगतलं?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "कोन? मी?"

"तुमीच. साहेबानं सोता सांगतलं मले."

"मी काऊन चांगला म्हनू?" म्हातारा असा तापलेला मी कधी पाहिला नव्हता. "सुनबाई, मी त्याले सिद्धं सांगतलं, साहेब, पूल बसून राह्यला. तं तो म्हने, छान, छान! अन मह्या संगं हात मिळवला. मी त भेलोच. मनलं हा कोनचा साहेब व्हय, पूल बसून राह्यला अन याले छान वाटते? मले वाटलं तुमी सारे एक झाले. जुना पाडाचा अन नवा पास कराचा. म्हनून त मी तुमाकडं आलो नाई."

मी तिथेच बांधावर बसले.

आमच्याकडे 'मी जाऊन राह्यलो' म्हणजे मी जातो आहे, पाऊल उचललेलं आहे. 'पाऊस येऊन राह्यला' म्हणजे येतोच आहे, वाळवण आत घ्या. आणि 'पूल बसून राह्यला' म्हणजे पूल खचतो आहे, आत्ता, आपण बोलतोय तेव्हासुद्धा. पुण्याच्या पोराने ते आपल्या कानाने ऐकलं. बसून राहिला, म्हणजे बसला आणि तसाच राहिला. ठाम. छान.

मला हसू आलं, पण मी लगेच उठून उभी राहिले. कारण पुलाच्या बाजूने जेसीबीचा आवाज येत होता. मुरूम हलवायला सुरुवात झाली होती.

"काका, तेव्हा तिथं अजून कोन होतं?"

"पंजाबराव होते न. मह्या बाजूलेच उभे होते."

पंजाबरावांचा जन्म उंबरदऱ्याचा. त्यांना या वाक्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. मी पदर खोचला आणि शेताच्या धुऱ्यावरून पळत सुटले. नगराध्यक्ष बाई काट्याकुट्यांतून पळते आहे हे पाहून कोणी काय म्हणेल, याची मला त्या वेळी पहिल्यांदाच फिकीर वाटली नाही.

पुलाच्या तोंडाशी गर्दी होती. ढीग बाजूला सरकलेला, एका गाडीपुरती वाट झालेली. पंजाबरावांनी थाट केला होता. पुढे हार घातलेली जीप, तिच्या बॉनेटवर फुटलेला नारळ, आणि ड्रायव्हरच्या शेजारी शालूबाई, नवं लुगडं नेसून, मांडीवर पूजेचं ताट घेऊन. पलीकडच्या काठावर उतरून त्या नदीची ओटी भरणार होत्या. मागे पंजाबरावांची स्वतःची गाडी उभी होती. ड्रायव्हरने जीप चालू केलेली होती.

मी जीपसमोर जाऊन उभी राहिले.

"आल्या, कचोरीवाल्या आल्या," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

मी तिकडे पाहिलंही नाही. "धवल साहेब, किसनराव तुम्हाला नेमकं काय म्हणाले? त्यांच्याच शब्दांत सांगा."

"मॅडम, पूल बसून राहिला आहे, असं म्हणाले."

"राहिला आहे म्हणाले, की राह्यला?"

"एकच ना ते?"

गर्दीत एकजण फिसकन हसला. पण बाकी कोणी हसलं नाही, आणि मग तोही थांबला. मी साहेबांना अर्थ सांगितला. दोनच वाक्यांत. त्यांनी आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, कोणीतरी मला खोडून काढेल या आशेने. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. पोराचा चेहरा पांढरा पडला. ते जीपपाशी गेले, खिडकीतून हात घातला, गाडी बंद केली, किल्ली काढून खिशात टाकली आणि जेसीबीवाल्याला ओरडले, "मुरूम परत टाका! आधी होता तसा! जास्तच टाका!" इतकं मोठ्याने बोलता येतं त्यांना, हे मला माहीत नव्हतं. हा माणूस विकला गेलेला नव्हता, फक्त पुण्याचा होता. मला त्यांची कीव आली आणि माझी स्वतःची लाज वाटली.

मग मी पंजाबरावांकडे वळले. "भाऊ, तुमी होते न तिथं? तुमाले त समजलं असंन."

सगळं गाव त्यांच्याकडे पाहू लागलं. त्यांनी गळ्यातला रुमाल सारखा केला.

"आयकलं न. पन मले वाटलं, म्हाताऱ्याले तुमीच पढवलं. तुमचाच मानूस तो. त्याच्या बोलन्याचा काय भरोसा? साहेब खुश झाले, मी म्हनलं, चाला, बरं झालं."

खरं सांगते, मला ते पटलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच समजले असते. आदल्या संध्याकाळी मी तरी त्याच म्हाताऱ्याबद्दल दुसरं काय समजले होते? भांडण मिटवावं म्हणून मी तोंड उघडणारच होते.

तेवढ्यात जीपचं दार उघडलं. शालूबाई ताट सावरत खाली उतरल्या. निवडणुकीच्या अख्ख्या प्रचारात मी या बाईला चार माणसांत बोलताना ऐकलं नव्हतं.

"तुमाले ते खोटं वाटलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तं तुमी मह्या संगं या गाडीत काऊन नाई बसले?"

"मी मांगून येतच होतो न," पंजाबराव म्हणाले.

"मांगून म्हंजे? मी पार झाल्यावर?"

भाषणात ज्यांना थांबवावं लागतं, ते पंजाबराव पुलाकडे पाहत राहिले, जणू तिथे काही लिहिलेलं होतं. शालूबाईंनी पूजेचं ताट माझ्या हातात दिलं.

"घरी चाल," पंजाबराव हळूच म्हणाले आणि त्यांनी आपल्या गाडीचं दार उघडून धरलं. "बस."

शालूबाई बसल्या नाहीत. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली, आणि त्या एकट्याच पायी गावाकडे निघाल्या.