शुभेच्छुक

डॉक्टरांनी केस कापायचं यंत्र चालू केलं आणि अमरसिंहाने त्यांचा हात धरला.

"केस न्हाई कापायचे डॉक्टर. रविवारी वाढदिवस हाय त्याचा."

टेबलावर ब्रुनो आडवा पडला होता आणि वच्छलाबाईने त्याचं डोकं पोटाशी धरलं होतं. त्याच्या डाव्या कानाखाली, मानेच्या दाट सोनेरी केसांत, तळहाताएवढी जागा लालभडक होऊन चिकचिकत होती. काल ती रुपयाएवढीच होती, असं वच्छलाबाईनेच डॉक्टरांना सांगितलं होतं.

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं, पण बोलायचं थांबवलं नाही. पावसाळ्यात अशा दाट केसांच्या कुत्र्यांच्या अंगात ओल राहते, गोचीड चावले की ती खाजवतात, चाटतात आणि एका रात्रीत जखम पसरते. याला हॉट स्पॉट म्हणतात. भोवतीचे केस काढून जागा उघडी करायची, औषधाच्या पाण्याने धुवायची, कोरडी ठेवायची. वर हळद नको, तेल नको. पायाने खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालायची. आणि बरं झाल्यावरही गोचीड वेचायचे, आंघोळ घातली की केस मुळापर्यंत पुसायचे. एवढं केलं तर आठवड्यात खपली धरेल, नाही केलं तर काही खरं नाही.

अमरसिंहाने सगळं नीट ऐकून घेतलं. गोळ्या घेतल्या, फवारा घेतला. केस आणि कॉलर एवढंच तेवढं नाकारलं. कॉलर घातली की कुत्रं भोंगा लावल्यासारखं दिसतं, म्हणे. त्याचा ब्रुनोवर जीव नव्हता असं कोणी म्हणू नये. स्वतः जेवायच्या आधी तो ब्रुनोला भरवायचा. पण यंदा त्याला जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत उभं राहायचं होतं, आणि माणसाचा वाढदिवस साजरा करण्यात आता काही नवल उरलं नव्हतं.

तो गाडीकडे वळल्यावर डॉक्टर वच्छलाबाईला हळूच म्हणाले, "बाई, तुम्हीच कापा कात्रीने. चांगलं कातडं दिसेपर्यंत कापायचं. रविवारपर्यंत थांबू नका."

वच्छलाबाईची उभी हयात ऊस तोडण्यात गेली होती. नवरा गेला, गुडघे गेले, तेव्हा अमरसिंहाच्या वडिलांनी, विठ्ठलरावांनी, तिला नेकनूरच्या मळ्यावर या कुत्र्याची देखभाल करायला ठेवलं. पहिल्यांदा तिला लाज वाटायची, म्हातारपणी कुत्र्याचं ढुंगण धुवायची वेळ आली म्हणून. मग एकदा दुपारी ब्रुनो तिच्या पायावर हनुवटी टाकून झोपला, आणि तिला पाय हलवावासा वाटेना. ती त्याला बाळ्या म्हणायची. दोन्ही नावं त्याला कळायची, पण धावत यायचा तो एकाच नावाला.

तिने नेकनूरच्या बाजारातून कात्री आणली. दुसऱ्या दिवशी अमरसिंह बीडला गेल्यावर लिंबाखाली बसून बाळ्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने मुकाट्याने मान वळवून दिली. तिने चिकटलेला एक झुबका उचलला तसा कुबट वास आला. जखम आता जबड्यापर्यंत पोचली होती.

तेवढ्यात ड्रायव्हर हरिओम गाडी घेऊन आला. त्याने मागून फ्लेक्सची गुंडाळी काढली आणि अंगणात उलगडली. मधोमध ब्रुनो, डोळ्यांना गॉगल, गळ्यात सोन्याची साखळी, आयाळीसारखे केस. 'लाडक्या ब्रुनोशेठ यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.' शेजारी हात जोडलेला अमरसिंह. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, आणि त्यांतल्या शेवटच्या गोलावर हरिओमने बोट ठेवलं.

"ही कोण हाय, वळखलं का मावशे?"

तिला वाचता येत नव्हतं, पण चेहरा ओळखता आला. तिचा फोटो आयुष्यात एकदाच निघाला होता, आधार कार्डासाठी. लग्नात निघाला नाही, नवऱ्याबरोबर निघाला नाही. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात; तिथे तिला कोणी नावानेसुद्धा ओळखत नव्हतं, नवऱ्याच्या कोयत्यातली अर्धी, एवढीच तिची ओळख. इथे ती सरपंचाच्या रांगेत बसली होती. तिने पदराने हात पुसला आणि मग फोटोला लावला.

"दादा म्हणलेत, मिरवणुकीत साखळी तुज्याच हातात," हरिओम म्हणाला.

वच्छलाबाईने फ्लेक्सवरच्या ब्रुनोकडे पाहिलं आणि मांडीवरच्या बाळ्याकडे पाहिलं. आज केस कापले तर मानेवर हातभर टक्कल दिसणार. मग मिरवणूक कसली आणि साखळी कसली. तिने कात्री कमरेच्या पिशवीत परत ठेवली.

"सोमवारी कापू रं बाळ्या," ती म्हणाली. "तवर जरा कळ काढ."

रविवारी सकाळी तिनेच त्याला शाम्पूने आंघोळ घातली. वरवर पुसलं, केस विंचरून जखमेवर ओढले, आणि अमरसिंहाने वरून भगवा शेला बांधला. आत सगळं ओलंच होतं आणि ते तिला माहीत होतं.

मिरवणूक निघाली. पुढे डीजे, मागे जेसीबी. त्याच्या बकेटातून पोरं गुलाल उधळत होती. तिच्या गल्लीतल्या बाया ओट्यावर उभ्या राहून तिच्याकडे बोट दाखवत होत्या. खोटं कशाला बोलायचं, तिला अतिशय आनंद झाला. साखळीला हिसके बसत होते, बाळ्या मान झाडत तिच्या पायांत शिरत होता, ओल्या केसांत गुलालाचा चिखल झाला होता, आणि ती चारचौघांसमोर ताठ मानेने चालत होती.

स्टेजवर केक आला. फोटोवाल्याने आणखी जवळ या म्हटलं. अमरसिंहाने ब्रुनोच्या गळ्यात हात टाकून त्याला छातीशी दाबलं, नेमकं तिथेच. ब्रुनोने त्याच्या मनगटाचा लचका तोडला.

संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या तालुक्याच्या मोबाईलवर होतं, वर विनोदी गाणं लावून. अमरसिंह हाताला टाके घालून परत आला. आरडाओरडा केला नाही.

"सोडून ये बे त्याला कुटंबी," तो हरिओमला म्हणाला.

वच्छलाबाई आडवी आली. मुद्दाम चावला नाही, त्याला दुखत होतं, आत सगळं जबड्यापर्यंत पिकलंय, असं सांगू लागली. अमरसिंह तिच्याकडे वळला.

"तुला म्हाईत होतं ना मावशी, किती वाढलंय ते? मला न्हाई दिसलं. मग कावून बोलली न्हाईस?"

कारण तिला ठाऊक होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

हरिओमने नंतर सांगितलं, नारायणगडाच्या पायथ्याशी सोडलाय, येणारेजाणारे काहीतरी खायला घालतात. दोन एसट्या बदलून ती तिथे गेली. नारळ विकणारी बाई म्हणाली, होतं एक लांब केसाचं, पण लई वास मारत होतं, लोक जवळ येऊ देईनात. पोरांनी दगडं मारली, मग गेलं खाली वढ्याकडं. वच्छलाबाई ओढ्याच्या काठाने बाळ्या, बाळ्या करत फिरली. शेवटची गाडी सुटायची वेळ झाली तरी बाभळीतून काही धावत आलं नाही. कात्री तिच्या कमरेलाच होती.

कुत्रं गेलं तशी नोकरीही गेली. दिवाळी झाल्यावर ती भाच्याच्या टोळीबरोबर ट्रॅक्टरवर चढली, तोडायला नाही, मोळ्या बांधायला आणि स्वयंपाकाला. निघताना हरिओमने काढून टाकलेला फ्लेक्स आणून दिला. कोपीवर, पाचटाच्या खोपटावर, टाकायला लागतोच म्हणाला.

उसाच्या फडाशेजारच्या कोपीत आडवं पडलं की वर ब्रुनो दिसायचा. गॉगल, साखळी, भरगच्च मान, अंगावर एक ओरखडा नाही. आणि खालच्या कोपऱ्यात ती.

"आत्या, फोटू किती झ्याक आलाय तुमचा," भाच्याची बायको सुरेखा म्हणाली.

वच्छलाबाईने कमरेची कात्री काढली. ती अजून कशालाच लागली नव्हती, धार नवीकोरी होती. तिने आपल्या चेहऱ्याभोवती गोल कापला आणि तुकडा चुलीत घातला. कुत्र्याला हात लावला नाही.

त्या भोकातून पहाटे दव ठिबकायचं, थेट तिच्या अंथरुणावर. भाच्याने बुजवायला प्लास्टिकचा तुकडा आणून दिला. तिने तोही चुलीत घातला.