‘असावा’ला आकडा नसतो

मित्रांनो, माझी जाडी बघून घाबरू नका. मी एक जुने कोडबुक आहे. डिचोलीतल्या एका शिकवणी वर्गात, खिडकीजवळच्या फळीवर मी राहते. माझे कोपरे झिजले आहेत, पाठ पुन्हा चिकटवलेली आहे आणि पानांच्या कडांना रंगीत कागदाच्या पट्ट्या लागलेल्या आहेत.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छापखान्यात झाला. माझ्या पोटात गोष्टी नाहीत, कविता नाहीत. आहेत ते आजार आणि त्यांचे आकडे. तिकडे माणूस दवाखान्यात गेला की डॉक्टर त्याची हकिकत लिहून ठेवतात. ती वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला आकडा लावायचा असतो. तो आकडा बघूनच विमा कंपनी दवाखान्याचे बिल भागवते. आकडे लावायचे हे काम आपल्याकडे बसूनही करता येते. त्याला कोडिंग म्हणतात, आणि ते शिकवणाऱ्या रुद्रेश सरांनी मला गोव्यात आणले.

पहिली काही वर्षे मी वर्गात नुसतीच हाताळली गेले. मुले मला उघडायची, जांभई द्यायची आणि मिटून ठेवायची. मग एक दिवस कमलाक्षी आली.

कमलाक्षी डिचोलीजवळच्या सर्वणची. ती खाणीवरच्या दवाखान्यात नर्स होती. खाणी बंद पडल्या तसा दवाखानाही बंद झाला. तिचा नवरा सगुण खाणीचा ट्रक चालवायचा, तोही घरी बसला. वर्गातली बाकीची मुले विशीतली, आणि ही चाळिशी ओलांडलेली, डोक्यात अबोलीचा वळेसर माळून मागच्या बाकावर बसलेली. रुद्रेश सरसुद्धा तिच्यापेक्षा लहान होते.

पहिल्याच दिवशी तिने मला पुढ्यात ओढले आणि विचारले, “सर, माडावरून पडल्याचा आकडा आहे काय हो ह्यात?”

पोरे फिदीफिदी हसली. सर मात्र हसले नाहीत. “शोधा बघू. आधी मागची सूची, मग पुढचं पान. नुसत्या सूचीवर कधी विसंबायचं नाही.”

तिने बराच वेळ पाने उलटली. माड काही सापडला नाही, पण झाडावरून पडणे सापडले. “आमच्या नारळ काढणाऱ्या पाडेल्याचीसुद्धा सोय आहे म्हणायची!” ती म्हणाली, आणि मघाशी हसलेली पोरे उठून बघायला आली. त्या दिवसापासून सरांनी मला तिच्याच हाती दिले.

कमलाक्षीने मला घरी नेले, खाकी कव्हर घातले. स्वयंपाक आटोपला की ती ओट्यावरच मला उघडून बसायची. मराठी शाळेत शिकलेली ती, माझे लांबलचक इंग्रजी शब्द तोडून तोडून वाचायची. शरीराची माहिती तर तिला कामातून झालेलीच होती. कामगाराच्या छातीतली घरघर तिने दारातूनच ओळखावी, अशी तिची ख्याती. सगळ्यांना वाटले, ही बाई पहिल्या फटक्यात पास होणार.

परीक्षा पुण्याला होती. ह्या परीक्षेत कोडबुक उघडून बघायची मुभा असते, म्हणून मीही गेले. ती भराभर उत्तरे लिहीत होती. पुष्कळ प्रश्नांना तिने मला उघडलेसुद्धा नाही.

ती नापास झाली.

निकाल घेऊन ती रुद्रेश सरांकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. सरांनी सरावाचा एक उतारा तिच्यासमोर ठेवला. “ह्याला काय लावाल, कमलाक्षीबाय?”

तिने वाचले. “न्यूमोनिया.”

“डॉक्टरांनी काय लिहिलंय?”

“ताप, खोकला. आणि न्यूमोनिया असावा, असं.”

“असावा. मग?”

“मग काय? औषधं बघा ना सर कुठली दिलीत ती. न्यूमोनियाच हा! असे कितीतरी कामगार मी डोळ्यांनी पाहिलेत.”

“कामगार पाहिलेत. ह्या माणसाला पाहिलंत?” सर शांतपणे म्हणाले. “दवाखान्यात येऊन त्याच दिवशी घरी जाणाऱ्या माणसाचा नियम आहे. ‘असावा’ला आकडा नसतो. ताप लिहिलाय, खोकला लिहिलाय, त्यांचा आकडा लावा. उद्या तपासणीत न्यूमोनिया नाही निघाला तर? तुम्ही लावलेला आजार त्याच्या नावावर कायमचा चिकटेल.”

कमलाक्षी तावातावाने उठली. “म्हणजे मला जे येतं तेच विसरू?”

“विसरू नका. पण इथे तुम्ही नर्स नाही. इथे तुम्ही वाचणाऱ्या.”

घरी आल्यावर तिने मला कपाटात ठेवले आणि दार लावले. मित्रांनो, कपाटातल्या त्या काळोखाचे मला भय नव्हते. गोव्याच्या दमट हवेत मिटलेल्या पुस्तकाला बुरशी धरायला वेळ लागत नाही, त्याचे भय होते. बाहेर सगुणचा आवाज ऐकू आला.

“ऐक गो. आखातात ट्रक चालवायला माणसं हवीत. एजंटाने बोलावलंय.”

“कधी परत येणार?”

“ते कसं सांगू? एकाने तरी कमवायला पाहिजे ना?”

बाहेर नुसती भांडी वाजत होती. मग कपाटाचे दार उघडले आणि तिने मला दोन्ही हातांनी बाहेर काढले.

“मी परत बसते परीक्षेला. तोवर एजंटाला थांबवा. मला नाही जमलं तर खुशाल जा, मी अडवणार नाही.”

सगुणने तिच्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले. “बरं,” तो म्हणाला. “पण मग आता हे पुस्तक कपाटात जाता कामा नये.”

ह्या वेळचा अभ्यास निराळा होता. वर्गात कोमल नावाची मुलगी होती. घर इब्रामपूरचे, पण ती नार्व्याला मामाकडे राहून शिकत होती. आईवडील सिंधुदुर्गातून आलेले, म्हणून तिच्या तोंडी मालवणी. दर रविवारी सगुण कमलाक्षीला स्कूटरने नार्व्याला सोडायचा, आणि सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या आवारात दोघी मला मध्ये ठेवून बसायच्या. कमलाक्षीने उतारा वाचून आकडा सांगायचा आणि कोमलने एकच प्रश्न विचारायचा.

“साखरेचा आजार,” कमलाक्षी म्हणायची.

“ता लिवलला खय आसा?”

“अगो, साखरेची गोळी चालू आहे त्याला!”

“गोळी आसा. आजार लिवललो खय आसा?”

“तुला काय कळतं गो त्या गोळीतलं?”

“माका काय्येक कळत नाय, मावशे,” कोमल हसून म्हणाली. “म्हणानच मी पास होतंय.”

कमलाक्षीने रागाने मला मिटले. मग तिलाही हसू फुटले. तिने मला पुन्हा उघडले आणि उताऱ्यात जिथे तो आजार लिहिलेला असायला हवा होता तिथे बोट फिरवले. बोटाखाली काहीच नव्हते. त्या रविवारपासून बोटाखाली शब्द आल्याशिवाय तिने आकडा सांगितला नाही. कधी कधी शब्द समोर असूनही ती दोनदा माझे पान तपासायची. मला ती कष्टवायची, पण त्या कष्टांत मला माझी किंमत कळत होती.

दुसऱ्या परीक्षेला सगुण सोबत आला. पुण्यापर्यंत बसमध्ये मी तिच्या मांडीवर होते. परीक्षेत दवाखान्यात दाखल न झालेल्या एका बाईची हकिकत आली. छातीत दुखणे, घाम, डाव्या हाताला कळ, आणि शेवटी ‘हृदयविकाराची शंका’. अशी एक बाई कमलाक्षीने खाणीवरच्या दवाखान्यात बघितली होती आणि ती वाचली नव्हती. तिची पेन्सिल हृदयविकाराच्या उत्तरावर टेकली. मग तिने पेन्सिल उचलली, माझी सूची काढली, पान काढले आणि छातीत दुखण्याचा आकडा लिहिला. पुढचा प्रश्न तिने लगेच घेतला.

ती पास झाली. कोमलही पास झाली. पर्वरीच्या एका कार्यालयात दोघींना काम लागले. सगुणने एजंटाला नकार कळवला आणि काही महिन्यांनी तो डिचोलीत शाळेची बस चालवू लागला.

पण मित्रांनो, माझे सुखाचे दिवस थोडेच होते. अमेरिकेने आजारांचे सगळे आकडे बदलले. नव्या आकड्यांना अक्षरे जोडली गेली, नवी पुस्तके आली. कार्यालयातली तरुण मुले धास्तावली. कमलाक्षी म्हणाली, “एकदा शिकलो, तसं परत शिकू,” आणि नव्या कोडबुकाला खाकी कव्हर घातले. मी बाजूला पडले. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

घराची साफसफाई निघाली तेव्हा सगुणने मला भंगारवाल्याच्या ढिगावर ठेवले. कमलाक्षीने मला तिथून उचलले. पान अन् पान झटकले, अंगणात ऊन दाखवले, पाठीला डिंक लावला. मग तिने जाड पेन घेतले आणि माझ्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘ह्यातले आकडे आता चालत नाहीत.’

ती अक्षरे उमटताना मला लागले. दुसऱ्या दिवशी तिने मला रुद्रेश सरांच्या हातात दिले.

“सर, सूचीतून पानावर कसं जायचं ते पोरांना हिच्यावर शिकवा. ही फाटली तरी नव्या पुस्तकाला धक्का नाही. पण पहिलं पान आधी वाचायला लावा. हिचा आकडा चुकून कोणाच्या नावावर जायला नको.”

तेव्हा मला ती अक्षरे समजली. तिने माझा अपमान केला नव्हता. माझ्या हातून कोणाचे वाईट होऊ नये, एवढी काळजी तिने घेतली होती.

म्हणून सांगते, मित्रांनो. घरातल्या जुन्या पुस्तकांना अधूनमधून ऊन दाखवा, त्यांची पाठ सुटली तर चिकटवा. आणि त्यांच्यातले जे आता खरे राहिले नाही, तेही त्यांच्यावर स्पष्ट लिहा. आम्हाला राग येत नाही. पेडण्याहून आलेली एक नवी मुलगी ह्या क्षणी माझे पहिले पान मोठ्याने वाचते आहे, आणि आता ती माझी सूची उघडणार आहे.