चादरीतलं पाणी

वेळ मिळत नसतो, काढावा लागतो, असं आमचा मुकादम म्हणायचा. त्याच्या टेबलावर पंखा होता. माझ्याकडे दिवसाला साडेचारशे ओल्या चादरी होत्या. ज्याने ओली चादर उचललेली नाही त्याने मला वेळेबद्दल शिकवू नये.

मी मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईत चौदा वर्षं आहे, तळघरात. चादरी धुवायच्या, पिळायच्या यंत्रात घालायच्या, तिथून सुकवायच्या ड्रममध्ये. ड्रम वाफेवर तापतो. वाफ भिंतीतल्या जाड पाइपातून येते. भिंतीपलीकडे बॉयलर, आणि बॉयलरसमोर काट्यावर नजर ठेवून खुर्चीत बसलेला माणूस. त्याच्या खुर्चीत आणि माझ्यात एक भिंत होती आणि एक परीक्षा.

परीक्षेचा फॉर्म मी भरला होता. ती तीन वर्षांतून एकदा होते, वयाची अट पंचेचाळीस, आणि मला चव्वेचाळीस सरत आलेली. म्हणजे बसायचं तर आत्ताच. मनगटं तर कधीच गेली आहेत. घरी डब्याचं झाकण उघडायला पोरीला हाक मारावी लागते.

अभ्यास व्हायचा तो ड्रमपाशी. जुना ड्रम एका घाण्याला अडतीस मिनिटं घ्यायचा. आधीच्या घाण्याच्या घड्या घालायला अठरा जायची, वीस उरायची. कपाटाच्या दाराला आतून मी पुस्तकाची पानं चिमट्याने लावून ठेवली होती. दार उघडलं की शाळा भरली, मुकादम आला की सुटली.

माझ्या जोडीला एक बाई आहे, तिला सगळे चिमटी म्हणतात. बोलते तशीच.

"समजली का गं वाफ?"

"वर जाते."

"एवढ्यासाठी पुस्तक? मला विचारायचंस."

घरी पुस्तक उघडायची सोय नव्हती. मी पान उलटलं की सासूबाईंना चहा आठवायचा, नवऱ्याला मोजे सापडायचे नाहीत. पोरगी तेवढी म्हणायची, "आई, बस तू, मी करते," आणि मग भांडी तशीच राहायची, कारण तिचाही अभ्यास होता.

परीक्षेला पाच आठवडे उरले आणि नवा ड्रम आला. कपडे सुकले की हा आपोआप थांबतो. घाण्याला एकोणीस मिनिटं.

"बघा, तुमचा वेळ वाचला," मुकादम म्हणाला.

वाचलेला वेळ त्याने मला दाखवलाही नाही. वरच्या दोन मजल्यांचे कपडे आधी बाहेर धुवायला जायचे, ते दुसऱ्या दिवशीपासून आमच्याकडे आले. घड्या संपतात न संपतात तोच ड्रम थांबून टीं टीं करायचा. कपाटाचं दार आठ दिवस उघडलं नाही. चौदातले सात धडे झाले होते. सातव्यात लिहिलं होतं की पाणी तापायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या कितीतरी पट त्याची वाफ व्हायला लागते.

हे वाक्य मी पाठ केलं होतं. चादरी पिळायला टाकताना ते डोक्यात आलं, आणि हात आपोआप बटणावर गेला. पिळणं आठ मिनिटांचं असतं. मी पाचव्या मिनिटाला थांबवलं. चादरीत पाणी राहिलं. ते उडवता उडवता नव्या ड्रमला चाळीस मिनिटं लागली.

आयुष्यात पहिल्यांदा शिकलेलं काही कामी आलं होतं. मी दार उघडलं आणि आठवा धडा काढला.

दहा दिवस असं चाललं. मुकादम दोनदा येऊन ड्रमला कान लावून गेला.

"याला काय झालं?"

"नवा आहे. रुळायला वेळ लागतो," मी म्हणाले.

"सुनेसारखं," चिमटी म्हणाली. तिने मला बटण दाबताना पाहिलं होतं. बोलली मात्र नाही.

अकराव्या दिवशी दुपारी वॉर्डातली सिस्टर स्वतः खाली आली. तळघरात सिस्टर कधी येत नाही. तिचे डोळे माझ्याइतकेच सुजलेले होते.

"बाई, चादरी कुठे आहेत? चार नंबरचे आजोबा तासभर नुसत्या रबरावर पडलेत."

ड्रममध्ये अजून अठरा मिनिटं होती. कपाट उघडंच होतं. अकरावा धडा. सिस्टरने त्या पानांकडे पाहिलं, काय ते तिला कळलं नाही, आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. तेवढाच तिचा आराम.

ड्रम थांबला तसा गठ्ठा मीच वर नेला. आजोबांना कुशीवर केलं तेव्हा पाठीची कातडी रबराला चिकटलेली सुटली, त्याचा आवाज आला. चादर अंगाखाली गरम लागली तसे ते म्हणाले, "उगाच त्रास तुम्हाला."

माझे तीन धडे त्या पाठीवरून झाले होते.

खाली आले. पुढचा घाणा पूर्ण आठ मिनिटं पिळला. पानं काढली, पिशवीत टाकली. चिमटी घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि परीक्षा?"

"देणार."

"वेळ कुठून आणशील?"

"ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून."

संध्याकाळी सात वाजता मी स्वयंपाकघरात, गार शेगडीखाली ओट्याला पाठ टेकून बसले आणि अकरावा धडा उघडला.

"अगं, स्वयंपाक?" सासूबाई दारात.

"आजपासून परीक्षेपर्यंत सात ते आठ मी घरी नाही."

"समोर तर बसलीयस."

"दिसतेय, आई. पण नाही."

नवरा आला. त्याने आधी शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिवसभर राबून आलोय मी."

"मी पण."

"मला नाही येत भात लावता."

"मला पण बॉयलर येत नव्हता. तांदूळ डब्यात आहे, पाणी नळाला."

त्याने पातेलं आपटलं. सासूबाई त्याच्याशी बोलल्या, म्हणजे मला ऐकू जाईल इतपत. पोरीने बाहेरच्या खोलीत टीव्ही बंद केला. मी एकच ओळ पाच वेळा वाचली. पाठ ठणकत होती, अक्षरं पोहत होती. ड्रमच्या आवाजाची सवय. घरच्या आवाजात डोकं चालेना.

भात उतू जायला लागला. नवऱ्याने आच आणखी मोठी केली.

"कमी कर," मी मान वर न करता म्हणाले. "एकदा उकळी आली की मोठ्या आचेवर पाणी जास्त तापत नाही, नुसतं उडून जातं."

"हे कुठे लिहिलंय?"

मी पान दाखवलं. त्याने पाहिलं नाही. पण आच कमी केली, उशीरच.

भात खाली लागला होता. सगळ्यांनी तसाच खाल्ला. सासूबाईंनी अर्धा ताटात ठेवला, मला दिसेल असा.

तासाभरात दीड पान झालं होतं. मी ताटं उचलायला उठले नाही.