सहावी पायरी

"पेशंटला तुमचं नाव सांगा," परीक्षक मॅडम म्हणाल्या.

मोठ्या सिस्टरांनी पेशंटकडे पाहिलं. पेशंट रबराचा होता. सगळं नर्सिंग कॉलेज त्याला 'आजोबा' म्हणायचं. त्याचा एक कान आधीच्या कुठल्या तरी बॅचने हरवला होता आणि छातीवर विद्यापीठाचा मालमत्ता क्रमांक रंगवलेला होता.

"आजोबा, मी तुमची सिस्टर. कूस बदलायची आहे. बदलू ना?"

आजोबा गप्प राहिले. मॅडमनी 'संमती घेतली' या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

मोठ्या सिस्टरांची सत्तावीस वर्षं एकाच वॉर्डात गेली होती. अंथरुणाला खिळलेल्या पुरुषांचा वॉर्ड. तिथे दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलावी लागते, नाहीतर अंगाला जखमा पडतात आणि त्या हाडापर्यंत जातात. सिस्टरांच्या वॉर्डात त्या पडत नसत. दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात परिपत्रक आलं, की पदवी नसलेल्या सिस्टरला दोन वर्षांनंतर वॉर्डप्रमुख ठेवता येणार नाही. सिस्टरांकडे पदविका होती. त्या मुकाट्याने विद्यापीठाच्या काउंटरवर जाऊन उभ्या राहिल्या.

"चार वर्षांची पदवी बारावी झालेल्या मुलींसाठी," क्लार्क म्हणाला. "तुम्ही त्यात बसत नाही."

"ते आरशात रोज दिसतं मला."

"पदविकावाल्यांसाठी दोन वर्षांची. ती झाली की दोन वर्षांची पदव्युत्तर, तिच्यात पाच शाखा. मग पीएच.डी."

"आणि माझी वॉर्डातली पंचवीस वर्षं?"

क्लार्कने फॉर्म उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरून पाहिला. "त्याला रकाना नाही हो."

म्हणून दोन वर्षं दुपारी कॉलेज, संध्याकाळी वॉर्ड. आता शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. पायऱ्या एकोणीस. त्यातली सहावी तारांकित, म्हणजे ती चुकली की बाकी अठरा पाण्यात. सहावी पायरी अशी: 'रुग्णास प्रथम खिडकीकडे तोंड करून वळवावे.'

परीक्षेची खोली तळघरात होती. तिला खिडकी नव्हती. पण विद्यापीठ नियमाला पक्कं. त्यांनी उजव्या भिंतीवर खिडकीचा मोठा रंगीत फोटो चिकटवला होता आणि वास्तवदर्शी वाटावं म्हणून त्याला खऱ्या कापडाचा पडदा लावला होता. पडदा धुवायला गेला की परीक्षा पुढे ढकलत.

सिस्टरांना पायरी मूर्खपणाची वाटत होती, पण पाठ होती. महिनाभर घरी नवऱ्याला पलंगावर आडवं करून सराव चालला होता. नवरा विजेच्या मीटरचे आकडे टिपणारा माणूस. दिवसभर पायपीट करून आलेला, तो अकराव्या पायरीला घोरायला लागायचा. "मला खिडकीकडे नको वळवूस," तो म्हणायचा, "तिकडून शेजारी दिसतो." तरी सिस्टर त्याला खिडकीकडेच वळवत. पास व्हायचं होतं. वॉर्ड सोडायचा नव्हता.

त्यांनी आजोबांची चादर बाजूला केली आणि हात थांबला.

उजव्या खुब्यावर लालभडक जखम होती. परीक्षा जिवंत वाटावी म्हणून प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंनी सकाळीच नेलपॉलिशने रंगवलेली. खिडकी उजवीकडे. खिडकीकडे तोंड म्हणजे उजवी कूस, आणि उजवी कूस म्हणजे आजोबांचा सगळा भार बरोबर त्या जखमेवर.

सिस्टरांनी आजोबांना डाव्या कुशीवर वळवलं. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी.

"सिस्टर," मॅडम हळूच म्हणाल्या, "सहावी." या मॅडम विद्यार्थिनी असताना सिस्टरांच्याच वॉर्डात पहिलं इंजेक्शन द्यायला शिकल्या होत्या. "तीन मिनिटं आहेत अजून. नुसतं खिडकीकडे वळवा ना."

"जखम आहे तिकडे."

"रबराचा आहे तो."

"म्हणूनच ओरडत नाही. माझ्या वॉर्डातल्या निम्म्यांनाही ओरडता येत नाही, मॅडम."

"पण विद्यापीठाच्या पुस्तकात आहे ते."

"ते मीच लिहिलंय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"वीस वर्षांपूर्वी नऊ नंबरला एक लेथवाला होता. मानेखाली सगळं गेलेलं. त्याची बायको समोर फाटकाशी केळी विकायची. चार वाजता ती वर बघून हात करायची. म्हणून मी कागदावर लिहून भिंतीला लावलं, नऊ नंबर, आधी खिडकीकडे. तुमच्या कॉलेजने त्याची झेरॉक्स नेली. कडेचा नऊ नंबर मशीनमध्ये कापला गेला, आणि त्या कागदाचा तुम्ही धर्मग्रंथ केलात."

मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, माझा पदव्युत्तर प्रबंध त्याच्यावर आहे. खिडकीसन्मुख स्थिती आणि रुग्णाचं समाधान. दोनशे चाळीस पानं. माझी एक विद्यार्थिनी आता काचेच्या जाडीवर पीएच.डी. करतेय."

"त्यात पेशंटची जखम कितव्या पानावर येते?"

घंटा वाजली. मॅडमनी सहाव्या ओळीपुढे फुली मारली. फुली ठळक उमटली.

"चिकटपट्टी आहे का?" सिस्टरांनी विचारलं.

"कशाला?"

"माझे मार्क राहू द्या. बाहेर एकोणीस जणी आहेत अजून."

त्या उजव्या भिंतीकडे गेल्या, खिडकी पडद्यासकट उचकटली आणि डाव्या भिंतीवर नेऊन चिकटवली. कोपरे अंगठ्याने दाबले. खिडकी हलवू नये असं एकोणीस पायऱ्यांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. मॅडमनी पायऱ्या दोनदा वाचून खात्री करून घेतली.

निकाल लागला. एकोणीस जणी पास. एकीपुढे 'फेरपरीक्षा, सहा महिन्यांनी'.

परिपत्रक सहा महिने थांबत नाही. सोमवारी नवी वॉर्डप्रमुख आली. त्या एकोणिसांतलीच, सव्वीस वर्षांची. तिने किल्ल्या घेतल्या, पण त्या कुठे ठेवाव्यात ते तिला कळेना.

"खिशात ठेव गं. चावत नाहीत."

"सिस्टर, मला फार कसंतरी होतंय."

"मला होत नाही असं वाटतंय का तुला? चल, दोन वाजले. नऊ नंबर."

नऊ नंबरची खिडकी आता औषधांच्या कपाटामागे गेली होती. खाटेवर एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून पडले होते. नवी मुलगी डोक्याशी उभी राहिली, सिस्टर पायांशी. पेशंट वळवताना डोक्याशी वॉर्डप्रमुख असते आणि आकडे तीच म्हणते. इतकी वर्षं ते सिस्टरच म्हणत आल्या होत्या.

मुलीने खिडकी शोधली नाही. तिने आधी चादर उचलली आणि वाकून एक खुबा पाहिला, मग दुसरा.

"डावी कूस घेऊ या, काका," ती म्हणाली. "एक."

सिस्टरांच्या ओठांवर 'दोन' आलाच होता. त्यांनी तो गिळला, चादर घट्ट धरली, आणि पुढचा आकडा ऐकायला थांबल्या.